नारळ शिपायानं खाल्ला

अक्षताला शाळेच्या नाटकात काम मिळालं, तेव्हा ती दारातूनच ओरडत आली. "अज्जी, मला झडतीवाली केलंय! गोदावरीबाईंपेक्षा जास्त वाक्यं हायत मला!"

शिवबाई भाकरी थापत होती. तव्यावर जायची ती भाकरी परातीच्या काठावर पडली आणि दुमडली. त्र्याऐंशी वर्षांची बाई, पण तिची भाकरी दुमडलेली कुणी पाहिली नव्हती. सून तर माहेरी जाऊन सांगायची की, किल्लारीच्या भूकंपात सगळी गल्ली रस्त्यावर आली, आमच्या सासूबाई तेवढ्या तव्यावरची उलटून मग आल्या.

"कसली वाली?" शिवबाईनं विचारलं.

"झडतीवाली. इंग्रजांनी बायकांची झडती घ्यायला नेमलेली बाई. लई वाईट असती ती. बघ हां." अक्षतानं दप्तर टाकलं, ओढणी कमरेला आवळली आणि डोळे वटारले. "उडी घे, गोदावरी! घे उडी! हा हा हा हा!"

"हसायचं कुणी सांगितलं?"

"मॅडमनी. पोटातून हसायचं म्हणाल्या. माझी निवड त्यासाठीच केली, मला पोट हाय म्हणून."

"आन् नाव काय त्या बाईचं?"

"कमलम्मा."

शिवबाईनं गॅस बारीक केला. दुमडलेली भाकरी उलगडायचा प्रयत्न केला, पण एकदा पडलेली घडी भाकरीवरून जात नाही. तिनं पीठ पुन्हा गोळा केलं आणि मळत बसली. मळून झालं तरी मळत बसली.

कमलम्मा म्हणजे तिची आई. तिची अव्वा. अक्षताची पणजी.

हे घरात कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे पणजीचं नाव कमलम्मा होतं हे मुलाला, संगमेशला, ठाऊक होतं. पण सोलापुरात कमलम्मा काय थोड्या आहेत? दर गल्लीत दोन. ही कमलम्मा एके काळी वेशीवर बायकांची झडती घ्यायची, हे शिवबाईनं नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. सांगायचं नाही म्हणूनच तर तिचे आईबाप ती गल्ली सोडून इकडं शुक्रवार पेठेत आले होते. तेव्हा शिवबाई नऊ वर्षांची होती. तिला जुन्या गल्लीतलं एवढंच आठवायचं की, हळदीकुंकवाच्या दिवशी अव्वा समोरून आली की बायका पदर पोटाशी घट्ट धरायच्या आणि एकमेकींना म्हणायच्या, "झाका ग, झाका. झडती आली." आणि हसायच्या. अव्वा पण थोडं हसायची, हे जास्त वाईट.

"कथा सांग की सगळी," शिवबाई म्हणाली.

अक्षतानं सांगितली. एकोणीसशे तीस साल. सोलापुरात मार्शल लॉ लागलेला. पांढरी टोपी घातली तरी पकडत. गोदावरीबाई एकोणीस वर्षांच्या, विधवा, तरी टोप्या पोचवायचं काम करायच्या. कमलम्मा नावाच्या दुष्ट बाईनं त्यांना वेशीवर गाठलं आणि उडी घ्यायला लावलं. त्यांनी कमानीवरून उडी घेतली, पण खाली शिपाई टपलेलेच होते. सहा महिने तुरुंग. सुटून आल्यावर त्यांनी केस वाढवले, शिकल्या, आणि याच शाळेत तीस वर्षं शिकवलं. आता पुढच्या शनिवारी त्यांच्या नावानं कार्यक्रम आहे. बाहेरच्या भिंतीवर चित्र पण काढलंय, मोठं, उडीचं.

"उडी मारली म्हणून कुणी सांगितलं?"

"पुरावा हाय! गोदावरीबाईंच्या हातचा कागद. उत्कर्षा मॅडमच्या घरी सापडला. त्या त्यांच्या भावाच्या पणती लागतात."

शिवबाईनं परात पुढं ओढली. पण त्या दिवशी जेवताना तिनं चटणीत मीठ दोनदा घातलं, आणि कुणी बोललं तर "खावा मुकाट्यानं" म्हणाली.

*

संगमेश चिंचोळी एमआयडीसीत कामाला. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. शिवबाईनं त्याला अंगणात बसवलं आणि सगळं सांगितलं. अव्वा कोण होती तेही आणि उडी म्हणजे काय तेही.

तो ऐकून डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "आई, शंभर वर्षं होत आली. कुणाला काय पडलंय?"

"पडलं नसतं तर भिंतीवर काढलं असतं व्हय?"

"तू गप बसलीस तर कुणाला कळायचं न्हाय. तू बोललीस तर कळणार. मग अक्षताला शाळेत काय म्हणतील? आज नाटकातली झडतीवाली हाय, उद्या खरीच म्हणतील. झडतीवालीची पणती."

हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शिवबाईला स्वतःचं लहानपण आठवलं. पोरीला तेच द्यायचं का? पण गप्प बसावं तर पोरगी शनिवारी चारशे माणसांसमोर स्वतःच्या पणजीवर पोटातून हसणार. आणि तिला कधी कळणार नाही की आपण कुणावर हसलो.

"मी नुसतं चित्र बघून येते," शिवबाई म्हणाली.

"नुसतं बघून?"

"व्हय की. नुसतं बघून."

संगमेशनं आईकडं पाहिलं. आई आयुष्यात काही नुसतं बघून आली नव्हती. बाजारात वांगी नुसती बघायला गेली तरी भाव पाडून यायची.

*

शाळा तशी लांब नव्हती. जुन्या गल्लीच्या तोंडाशीच. पण शिवबाई त्या फाटकातून कधी आत गेली नव्हती, आणि त्याचंही कारण होतं. सहा वर्षांची झाली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या पोरी पाटी घेऊन तिकडं जायला लागल्या. बाप, गुरुसिद्धप्पा, म्हणाला, हिचं पण नाव घालू. अव्वा म्हणाली, नको. बाप म्हणाला, का नको? अव्वा चुलीत फुंकत राहिली. तिथं गोदावरीबाई शिकवत होत्या. शिवबाईला पुढं शुक्रवार पेठेत कुणीतरी अक्षरं दाखवली, पण तोवर हात भाकरीला बसला होता. ती दुकानाची पाटी जोडून जोडून वाचते, बसवरचा बोर्ड वाचते, त्यापुढं नाही.

चित्र भिंतभर होतं. लाल आलवणातली, डोईवरचा पदर उडालेली एक बाई कमानीवरून खाली झेपावत होती, हात पसरून, अगदी घारीसारखी. वर कमानीवर दुसरी बाई उभी. काळीकुट्ट, जाडजूड, हातात दंडुका, आणि दात असे की जेवायच्या कामाचे नव्हते.

शिवबाई कितीतरी वेळ बघत राहिली. मग शेजारी गजरे विकणारीला म्हणाली, "आमची अव्वा लुकडी होती."

"काय म्हणता, आजी?"

"काय न्हाय. वाऱ्यानं उडंल अशी होती."

तेवढ्यात फाटकातून एक तिशीतली बाई बाहेर आली. कॉटनची साडी, गळ्यात शाळेचं कार्ड. तिला वाटलं म्हातारीला चक्कर आली. तिनं हात धरला, कुणाच्या आजी म्हणून विचारलं आणि आत नेऊन खुर्चीवर बसवलं. अशी शिवबाई त्र्याऐंशीव्या वर्षी शाळेत दाखल झाली.

"तुमच्या अक्षताची मी मॅडम," ती बाई म्हणाली. "उत्कर्षा. पाणी घ्या, आजी."

शिवबाईनं पाणी घेतलं. या पोरीचं नाक तिला ओळखीचं वाटलं. गोदावरीबाईंना तिनं लहानपणी लांबून पाहिलं होतं, शाळा सुटताना. नाक असंच, सरळ, पुढं पुढं चाललेलं.

"तो कागद हाय म्हणं तुमच्याकडं," शिवबाई म्हणाली. "मला वाचून दाखवा की."

उत्कर्षाला आनंद झाला. कार्यक्रमाचं चार दिवस सगळ्यांना सांगून झालं होतं, पण कागद वाचून दाखवा असं कुणी म्हणालं नव्हतं. तिनं मोबाईलमधला फोटो काढला. "आत्याआजींनी शेवटच्या दिवसांत लिहून ठेवलं होतं. चारच ओळी आहेत. ऐका हं. 'कमलम्मा म्हणाली, उडी घे. मी घेतली. वेशीवर धरले.' बस. बघा ना, किती साधेपणानं लिहिलंय. एवढी मोठी उडी, आणि दोन शब्द. मी घेतली."

"तीन ओळी झाल्या. चौथी?"

"चौथीचा काही संबंध लागत नाही, आजी. म्हातारपणी थोडं इकडचं तिकडं व्हायचं त्यांचं. म्हणून आम्ही ती पत्रिकेत छापली नाही."

शिवबाईनं पेला खाली ठेवला. आत्ता उठून गेली असती तर काही झालं नसतं. संगमेशला सांगता आलं असतं, नुसतं बघून आले.

"'नारळ शिपायानं खाल्ला,'" शिवबाई म्हणाली.

उत्कर्षानं मोबाईलकडं पाहिलं, मग म्हातारीकडं पाहिलं. तिथं तेच लिहिलं होतं. 'नारळ शिपायाने खाल्ला.'

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्या शिपायाचं नाव कुंडलिक. नारळ त्यानं तितंच दगडावर फोडला. पाणी पण सांडू दिलं न्हाय मेल्यानं." शिवबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. मला एक सांगा. कमानीवरनं उडी मारणाऱ्या बाईच्या हातात नारळ कुटला?"

उत्कर्षानं फोटो बोटांनी मोठा केला.

"माज्या माहेरी घरात कन्नड बोलायचे. माझी अव्वा अक्कलकोटाकडची. तिला मराठी यायचं, पण निम्मे शब्द तिकडचे. आमच्याकडं ओटीला उडी म्हणतात. ओटी भरली, म्हणजे उडी भरली. ओटी घे, म्हणजे उडी घे." तिनं एक श्वास घेतला. "कमलम्मा माझी अव्वा."

*

मार्शल लॉ लागला तेव्हा कमलम्माला वाटलं, हे नव्या साहेबाचं नाव आहे. मार्शल्ला साहेब. तो फार कडक आहे, एवढंच तिला कळलं, आणि ते काही चूक नव्हतं. ती वीस वर्षांची. पहिला नवरा तापानं गेलेला, सासरनं बाहेर काढलेली, आणि कचेरीत झाडलोट करून पोट भरणारी. एक दिवस तिला बोलावून कमरेला पितळी बिल्ला लावला आणि वेशीवरच्या राहुटीत नेऊन बसवलं. बायकांची झडती घ्यायची.

हे म्हणे साहेबाच्या मडमेनं सुचवलं होतं. शिपायांनी बायकांच्या अंगाला हात लावू नये, बायकांना बायकांनीच तपासावं. अव्वा सांगायची, मडम स्वतः येऊन बघून गेली, पडदा नीट आहे ना, आतलं बाहेर दिसत नाही ना. चांगली होती बिचारी. तिला बायकांची लाज कळत होती. फक्त त्या बायका कुणाच्या गावात उभ्या आहेत, तेवढं कळत नव्हतं.

पहिल्याच दिवशी एका कासारणीच्या आंबाड्यात कमलम्माच्या बोटाला कागद लागला. कासारीण तिच्याकडं बघत राहिली. कमलम्मानं कागद होता तसा आत खुपसला आणि आंबाडा उलट आणखी घट्ट बांधून दिला. "मला वाचाया कुटं येतंय," ती पुढं म्हणायची. "कुटला कागद वाईट आन् कुटला चांगला, मला काय ठावं?"

पण सगळंच असं डोळ्यांआड करता येईना. बाहेर हवालदाराचा शिपाई कुंडलिक उभा असायचा, आणि रोज काहीतरी सापडलं नाही तर आत डोकावायला लागायचा. मग कमलम्मानं एक युक्ती केली. कुंडलिकचं नवंच लग्न झालेलं. त्याला तिनं सांगितलं, भरल्या उडीला हात लावला की लावणाऱ्याच्या घरात पाळणा हलत नाही. मी लावणार नाही आणि तू लावायला सांगू नको.

कुंडलिक घाबरला. हा नियम त्यानं कुठंच ऐकला नव्हता, पण बायकांचे सगळे नियम पुरुषांना थोडेच माहीत असतात?

ही बातमी गल्लीगल्लीत गेली. आठ दिवसांत त्या वेशीतून जाणाऱ्या प्रत्येक बाईची ओटी भरलेली. बारा वर्षांच्या पोरीची भरलेली, सत्तर वर्षांच्या दात पडलेल्या म्हातारीची भरलेली. वर नारळ, तांदूळ, खण. आणि खाली काय असेल ते. बाजारात नारळ मिळेना. कुंडलिक एका म्हातारीला म्हणाला, "आजे, तुजी ओटी या वयात कुणी भरली?" ती म्हणाली, "तुज्या आईनं. विचार जा घरी."

आता गोदावरी. ती ब्राह्मणांच्या घरातली बालविधवा. नवव्या वर्षी नवरा गेला. केस काढलेले, लाल आलवण. सोवळ्याच्या पाण्याची घागर घेऊन जायची आणि घागरीच्या तळाशी टोप्या न्यायची. सोवळ्याला कुणी शिवत नव्हतं. पण मग साहेबानं घागरीही रिकाम्या करून बघायचा हुकूम काढला. त्या संध्याकाळी तलावाच्या पायरीवर ती डोक्याला हात लावून बसली होती. पांढऱ्या नऊ टोप्या, आणि न्यायच्या कशा? कमलम्मा तिथं पाय धुवायला आली. त्या दोघी कधी बोलल्या नव्हत्या, पण गावात कोण काय करतंय हे बायकांना कळतं.

"उडी घे की," कमलम्मा म्हणाली. "भिऊ नको. उडीला मी हात लावत न्हाय."

गोदावरी आधी दचकली. समोर तलाव होता, म्हणून तिला पण क्षणभर तसंच वाटलं. मग कमलम्मानं पदराची खूण करून दाखवली, आणि गोदावरी तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

चूक झाली ती इथं. कमलम्माच्या माहेरी तिची आजी विधवा होती, कपाळाला विभूती लावायची, आणि घरात कार्य निघालं की तिची पण उडी भरली जायची. त्या घरात कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कमलम्मा स्वतः विधवा; विधवेची ओटी भरत नाहीत, तिला लांब बसवतात, हे तिनं सासरी थोडं पाहिलं होतं. पण आलवणातल्या बाईला ओटी शब्द सुद्धा चालत नाही, हे तिला ठाऊकच नव्हतं.

सकाळी वेशीच्या अलीकडं एका बोळात तिनं स्वतःच्या हातानं गोदावरीची ओटी भरली. नऊ टोप्या, वर हिरवा खण, तांदूळ, वर नारळ. गोदावरीनं पदर पुढं केला. तिचे हात तेवढे थरथरत होते. कमलम्माला वाटलं, पोरगी भ्याली.

वेशीवर कुंडलिकनं पाहिलं आणि तो मोठ्यानं हसला. "अगं आईग! बोडकीची ओटी? कुणी भरली ग, यमानं?"

त्याचं हसणं ऐकून गोरा साहेब राहुटीतून बाहेर आला. काय झालं म्हणून विचारलं. कुंडलिकनं त्याला समजावून सांगितलं की, अशा बाईची ओटी नसतेच. साहेबाला आपला धर्म त्या दिवशी कुंडलिकनं शिकवला. साहेब कमलम्माला म्हणाला, उघड.

"आन् तिनं उघडली," शिवबाई म्हणाली.

*

उत्कर्षाच्या हातातला मोबाईल केव्हाच विझला होता. मधली सुट्टी झाली, पोरी दारातून डोकावल्या, तिनं हातानंच त्यांना घालवलं.

"नाही म्हणता आलं असतं," ती म्हणाली. आवाज जरा कडक होता. "आमच्या घरात त्या बाईचं नाव घेतलं की माझे आजोबा थुंकायचे, आजी. नाही म्हणता आलं असतं तिला."

"आलं असतं."

"मग?"

"'न्हाय' असं म्हणाली न्हाय. उघडली." शिवबाईनं स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. "मी पण हेच विचारायची तिला. लहान होते तवा लई विचारलं. ती म्हणायची, साहेब वरडला, आन् माजे हात माज्या आधी हलले. बाकी काय सांगायची न्हाय. तांदूळ सांडले, टोप्या पडल्या, नारळ घरंगळत कुंडलिकच्या पायाशी गेला. त्याच सांजंला बिल्ला तिनं तळ्यात टाकला. पण गल्लीनं उघडताना बघितलं होतं. भरताना कुटं कुणी बघितलं?"

"पण आत्याआजींनी सांगायचं ना मग! सुटून आल्यावर. की मला हिनंच मदत केली म्हणून."

"कसं सांगतील? विधवा बाईनं ओटी घेतली, हे तुमच्या घरात सांगायचं? तुरुंगात गेली हे कदाचित चाललं असतं. ओटी घेतली हे?"

उत्कर्षानं मोबाईल पालथा ठेवला. तिला तिच्या घरातली माणसं माहीत होती.

"मला एकच कळत न्हाय," शिवबाई म्हणाली. "अव्वाला ठावं नव्हतं. पण गोदावरीबाईंना तर ठावं होतं की. आलवणात भरली ओटी घेऊन गेलं तर आंधळा पण धरंल. शाण्या होत्या त्या. तरी कशा गेल्या?"

उत्कर्षानं मोबाईल पुन्हा लावला. कागद पुन्हा वाचला. आधी मनात, मग मोठ्यानं, हळू. "'कमलम्मा म्हणाली, उडी घे. मी घेतली.'" ती थांबली. आधी तिनं हेच दोन शब्द केवढ्या अभिमानानं वाचले होते. "नऊ वर्षांच्या असल्यापासून त्यांना कुणी... कुणी घे म्हणालंच नव्हतं, आजी."

शिवबाईनं मान हलवली. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. अव्वाच्याही नसावं आलं. म्हणजे हात थरथरत होते ते भीतीनं नव्हे.

मग उत्कर्षा रडायला लागली, आणि शिवबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "गप, गप. नारळाचं दुःख मला जास्त हाय. अव्वानं उपाशी राहून घेतला हुता त्यो."

*

शनिवारी नाटक झालं. चार दिवसांत जेवढं बदलता आलं तेवढं बदललं. कमान मोडून तिचा बोळ केला. अक्षताचं पोटातून हसणं गेलं, त्याचं तिला फार वाईट वाटलं. मग तेच हसणं कुंडलिक झालेल्या मुलीला दिलं. संगमेश सुट्टी काढून पहिल्या रांगेत बसला होता. पडदा उघडायच्या आधी उत्कर्षानं माईकवर सांगितलं, कमलम्मा कोण, गोदावरी कोण, उडी म्हणजे काय, आणि आमच्या घरानं शब्द चुकीचा वाचला. शेवटी म्हणाली, "कमलम्माची पणती आज कमलम्माचं काम करते आहे." मागून कुणीतरी कुजबुजलं, "म्हणजे झडतीवालीच्या घरची?" संगमेशची मान ताठ झाली. शिवबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हे होणार हे तिला ठाऊक होतं. कुणी म्हणणारच. निदान आता अर्धंच म्हणणार नाही.

अक्षतानं ओटी उघडण्याचा प्रसंग केला, तेव्हा तिला एक वाक्य दिलं होतं. ते ती विसरली. नुसती हात बघत उभी राहिली. लोकांना वाटलं, काय झकास काम करते पोरगी.

भिंतीवरचं चित्र मात्र राहिलं. नवं काढायला पैसे उरले नव्हते, आणि उडी मारणारी बाई मुलींना आवडली होती. शेवटी रंगाऱ्यानं दंडुका पुसून त्या जाड बाईच्या हातात नारळ दिला आणि दात जरा आखूड केले. आता एक बाई कमानीवरून झेप घेतेय आणि दुसरी मागून नारळ घेऊन धावतेय. येणारा जाणारा विचारतोच, हे काय? मग गजरेवाली सगळं सांगते. ती जरा वाढवूनच सांगते. पण कमलम्मा लुकडी होती, हे न चुकता सांगते.

कार्यक्रम संपल्यावर उत्कर्षानं शिवबाईला खुर्चीवर बसवलं. शिवबाई पण गेली सोळा वर्षं विधवा. उत्कर्षानं आजूबाजूला पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. तांदूळ, हिरवा खण, नारळ, सगळं आणलेलंच होतं.

"घ्या, आजी. उडी घ्या," ती म्हणाली.

शिवबाईनं पदर पसरला. ओटी पदरात पडली तशी तिनं गाठ मारायच्या आधी खालून हात घातला आणि तळ चाचपून पाहिला. नारळाच्या खाली, खणाच्या खाली, तांदळाच्या आत.

उत्कर्षाला हसू आलं. "काही नाही हो, आजी, तळाशी."

"बघावं लागतंय," शिवबाई म्हणाली. "आमच्या घराण्याचं कामच हाय त्ये." आणि गाठ घट्ट मारून उठता उठता तिच्या कानाशी वाकली. "पण आसलं, तर मी सांगायची न्हाय."